मूळ देश भारत, मूळ गाव?

मोबाईलवर 'सोलापुरी चादर' असं टाइप केलं की पानामागून पान उलगडत जातं. मोरपंखी, चौकडीची, फुलाफुलांची. एकेरी, दुहेरी, दोनाचा संच, चाराचा संच. एखाद्या पानावर बोट ठेवून खाली सरकत गेलं की लांबी-रुंदी दिसते, कापडाच्या रकान्यात 'कॉटन' किंवा बारीक अक्षरात 'पॉलिकॉटन', धुण्याच्या सूचना, परत करण्याची मुदत आणि नियमाने सक्तीचा केलेला एक रकाना: 'मूळ देश: भारत'. त्यात खोटं काही नाही. चादर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत विणलेली असो की हरियाणातल्या पानिपतात, मूळ देश भारतच. पण ग्राहकाने जे नाव टाइप केलं ते देशाचं नव्हतं, गावाचं होतं. आणि गाव विचारणारा रकाना त्या पानावर कुठेच नाही. सरकारने इंटरनेटवर किती हात घालावा, या वादात आपल्याकडे बहुधा चोरलेले सिनेमे आणि राजकीय पोस्ट हीच उदाहरणं घोळवली जातात. चादरीचं उदाहरण साधं आहे, पण सरकारने कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे त्यात जास्त स्वच्छ दिसतं.

सोलापूरच्या कापडाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावाच्या तोंडातली 'जुनी मिल', सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्वभागात माग बसवले. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, आणि गिरण्यांचे भोंगे थांबले तरी यंत्रमागांची खडखड थांबली नाही. चादरीची नक्षी जेकार्डवर उतरते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते; भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. (फ्रान्सच्या जोसेफ जाकारने 1804 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती पुढे गणकयंत्रांच्या पंच कार्डांत गेली, म्हणजे चादर आणि इंटरनेट तसे लांबचे नातेवाईकच.) दोन रंगांचे धागे असे अदलाबदलीने वर-खाली होतात की सुलट बाजूला लाल जमिनीवर पिवळा मोर दिसतो आणि उलट बाजूला पिवळ्या जमिनीवर लाल. काही कारखानदार आपलं नावही कापडातच विणून घेतात. चिकटवलेलं लेबल उपटून दुसरं लावता येतं. विणलेलं नाव धागे उसवल्याशिवाय जात नाही. नक्कल ओळखण्याची ही पक्की सोय आहे, पण चादर हातात असेल तरच. पडद्यावर उलट बाजू कोणी दाखवत नाही, आणि फोटो खऱ्या चादरीचा लावून आत भलतंच पाठवणाऱ्याला तर विणलेल्या नावाचीही भीती नाही.

हे नाव राखण्यासाठी देशाने कायदा केला. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा संसदेने 1999 मध्ये मंजूर केला, तो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला, आणि पहिल्या मोजक्या नोंदींत, 2005-06 मध्ये, सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल हे दोन्ही होते. पुढे याच जिल्ह्यातलं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारीही त्या नोंदवहीत गेली. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो. भौगोलिक मानांकन गावाचं असतं. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. नोंदणी उत्पादकांच्या संघटनेच्या नावावर राहते आणि त्या भागातला प्रत्येक उत्पादक 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची वेगळी नोंद करून घेऊ शकतो. खोटं नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड, अशी शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे. संघटनेला गावाबाहेर जायचीही गरज नाही. फिर्यादी जिथे धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. कागदावर एवढं बळ असताना सोलापुरी म्हणून बाहेरचा माल खपतो ही सोलापूरच्या यंत्रमागधारकांची तक्रार वर्षानुवर्षं तशीच का राहते?

याचं एक उत्तर कायद्याच्या चालीत आहे. पोलिसांना धाड घालायची तर अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा लागतो आणि माल जप्त करण्याआधी भौगोलिक मानांकनाच्या निबंधकाचं मत घ्यावं लागतं. निबंधकाचं कार्यालय चेन्नईला. तुळजापुरात नवरात्रात मांडलेल्या दुकानाविरुद्ध तक्रार केली तर मत येईपर्यंत कोजागरी उलटलेली असायची. तरी दुकान निदान जागेवर सापडतं. ऑनलाइन दुकान एका नावाने बंद होतं आणि दुसऱ्या नावाने त्याच संध्याकाळी उघडतं. त्यात आणखी एक फट आहे. 'सोलापुरी पद्धतीची', 'सोलापुरी स्टाइल' अशी शेपटी जोडून नाव वापरलं तर आपोआप हक्कभंग ठरण्याचं जादा संरक्षण फक्त केंद्र सरकारने खास अधिसूचित केलेल्या मालालाच मिळतं. बाकीच्यांना ग्राहकाची दिशाभूल झाली हे प्रत्येक वेळी सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरं उत्तर इंटरनेटच्या कायद्यात आहे, आणि तेच जास्त महत्त्वाचं. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ऑनलाइन बाजाराला 'मध्यस्थ' मानतो, आणि त्याच्या कलम 79 ने मध्यस्थाला ढाल दिली. टपालवाला पाकिटातल्या मजकुराला जबाबदार नसतो, तसाच मध्यस्थ विक्रेत्याने लिहिलेल्या मजकुराला जबाबदार नाही. मात्र त्याने स्वतः त्यात हात घालता कामा नये आणि बेकायदेशीर गोष्ट नजरेस आणून दिल्यावर ती काढली पाहिजे. ही ढाल नसती तर देशात कोणी ऑनलाइन बाजार उभारलाच नसता, म्हणून ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण टपालवाल्याची उपमा कुठवर ताणायची? टपालवाला कोणतं पाकीट आधी दाखवायचं ते ठरवत नाही, पाकिटाची जाहिरात करत नाही, स्वतःच्या गोदामात पाकिटं साठवून त्यांवर आपला कागद गुंडाळत नाही. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ख्रिस्तियाँ लुबुतँ या पादत्राणांच्या कंपनीच्या खटल्यात नेमकं हेच म्हटलं: विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या संकेतस्थळाला निव्वळ मध्यस्थाची ढाल मिळणार नाही. पुढे 2020 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने अ‍ॅमेझॉन आणि अ‍ॅमवे यांच्या वादात सक्रिय आणि निष्क्रिय असा भेद कायद्यात नाहीच, असा निकाल दिला. पॅरिसच्या कंपनीला वकील लावून हा घोळ न्यायालयात निस्तरता येतो. आठ मागांचा कारखाना चालवणाऱ्याने काय करायचं?

आता तेच विक्रीचं पान पुन्हा उघडू. त्यावर तीन हक्क एकाच वेळी मोडलेले असू शकतात. फोटो सोलापुरातल्या कारखानदाराने काढलेला आणि परस्पर उचललेला असेल, तर तो कॉपीराइटचा भंग. त्याच्या छापाचं नाव लावलं असेल, तर ट्रेडमार्कचा. आणि 'सोलापुरी' हे नाव लावलं असेल, तर भौगोलिक मानांकनाचा. (नक्षीचा चौथा हक्कही होऊ शकला असता, पण औद्योगिक नक्षीची नोंद वेगळ्या कायद्याखाली आधीच करावी लागते, ती न करता पन्नासहून जास्त चादरी काढल्या की नक्षीवरचा कॉपीराइटही जातो.) फोटो चोरला गेला तर मार्ग आखलेला आहे. कॉपीराइटच्या नियमांनुसार मालकाने लेखी तक्रार दिली की प्लॅटफॉर्मने 36 तासांत ती गोष्ट बंद करायची आणि मालकाने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणायचा. आणला नाही तर प्लॅटफॉर्म ती पुन्हा सुरू करू शकतो. दोन्ही बाजूंना धरून चालणारी ही व्यवस्था आहे. गावाच्या नावासाठी अशी घड्याळ लावलेली वाट नाही. म्हणजे चादरीचा फोटो 36 तासांत वाचतो, चादरीचं नाव वाचत नाही.

ही नुसती चालढकल नाही, नियम लिहितानाची विसरभोळी चूक आहे, असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा छापलेला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 23 जुलै 2020 रोजी अधिसूचित झाले. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवा, वर्णन आणि फोटो प्रत्यक्ष मालाशी जुळतात अशी विक्रेत्याकडून हमी घ्या, मूळ देश सांगा, अशी चांगली कलमं त्यांत आहेत. ज्यांचा माल पूर्वी काढून टाकावा लागला आणि तरी जे पुन्हा पुन्हा तसाच माल मांडतात, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवायचा वाजवी प्रयत्न करा, असंही एक कलम आहे. कोणत्या कायद्यांखाली काढलेला माल? नियमात तीन नावं आहेत: कॉपीराइट कायदा, 1957; ट्रेडमार्क कायदा, 1999; माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000. भौगोलिक मानांकनाचा कायदा त्या यादीत नाही. तोही 1999 चाच, ट्रेडमार्क कायद्याचा जुळा भाऊ म्हणावा असा. पण हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांना आणि बुटांच्या कंपन्यांना दिल्लीत आवाज आहे. पैठणी, हिमरू, चादर यांना तो नाही. म्हणून सोलापुरी नावाखाली दहादा परका माल विकणाऱ्याची नोंद ठेवायला या नियमाने कोणी बांधलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. विक्रीच्या पानावर नोंदणीकृत भौगोलिक नाव वापरायचं असेल, तर त्या पानावर अधिकृत वापरकर्त्याचा नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाचं गाव दाखवणं सक्तीचं करा. क्रमांक नसेल तर चादर विकायला कोणाची हरकत नाही. फक्त 'सोलापुरी' म्हणून विकू नका. पानिपतच्या चादरीला पानिपतचं नाव लावून तिचा भाव तिनेच मिळवावा. पुण्यातल्या किंवा हैदराबादच्या दुकानदाराने सोलापुरातून खरा माल उचलला असेल, तर तो ज्याच्याकडून घेतला त्या विणकराचा क्रमांक टाकेल; खऱ्या मालाची फेरविक्री कायद्याने मोकळीच ठेवली आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं खातं लागत नाही, कोणाचं लेखन तपासावं लागत नाही. जिथे 'मूळ देश' लिहितात त्याच्या खालची एक ओळ पुरते.

याला पहिला आक्षेप येईल तो सरकारच्या हाताचा, आणि महाराष्ट्राला तो हलक्यात घेता येणार नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल एकीला आणि त्या 'लाइक' केल्याबद्दल दुसरीला, अशी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलम 66अ चा त्यासाठी आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं, आणि त्याच निकालात सांगितलं की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असल्याशिवाय, नुसत्या कोणाच्याही तक्रारीवर, मध्यस्थाला मजकूर काढायला लावता येणार नाही. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी खरं काय आणि खोटं काय हे सरकारी कक्षाने ठरवायचं, असा 2023 चा नियमही मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर 2024 मध्ये टिकला नाही. बौद्धिक संपदा राखण्याच्या नावाखालीही असा अतिरेक झाला आहे. 2012 मध्ये '3' या तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयातून अज्ञातांविरुद्ध आदेश मिळाला आणि इंटरनेट कंपन्यांनी चोरीच्या प्रतीबरोबर व्हिमिओसारखी संपूर्ण संकेतस्थळंच बंद करून टाकली. आदेश विशिष्ट पत्त्यांपुरताच आहे, हे न्यायालयाला नंतर स्पष्ट करावं लागलं. 2016 मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा सरसकट बंदीला नकार दिला आणि नेमक्या कोणत्या पत्त्यांवर चोरी आहे ते तपासून आणा, असं निर्मात्यांना सांगितलं. हा सगळा इतिहास माझ्या सूचनेच्या विरोधात जात नाही. तो तिला आकार देतो. माणूस काय बोलतो त्यावर सरकारने नजर ठेवणं वेगळं आणि विक्रेत्याने मालाविषयी सांगितलेली तपासता येण्याजोगी गोष्ट मागणं वेगळं. वजनमापं खात्याने तराजूवर शिक्का मारला म्हणून कोणाच्या भाषणस्वातंत्र्याला धक्का लागल्याचं ऐकिवात नाही. पान बंद करण्याचा अधिकारही सरकारकडे नको. क्रमांक जुळत नसेल तर फक्त ते नाव उतरवावं, आणि विक्रेत्याला हरकत असेल तर कॉपीराइटसारखी 21 दिवसांची मुदत ठेवावी.

दुसरा आक्षेप सोलापुरातूनच येईल, आणि तो खरा वजनदार आहे. खरी चादर विणणाऱ्या किती जणांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली आहे? ज्याने नोंद केली नाही तो पूर्वभागातला विणकर नियम आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच गावाचं नाव लावायला मुकेल, आणि ज्यांच्यासाठी नियम केला त्यांनाच तो नडेल. म्हणून नियमाआधी वर्षभराची मुदत हवी आणि त्या वर्षात नोंदणीचं काम व्हायला हवं. ते अवघड नाही. अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाचं शुल्क पूर्वी 500 रुपये होतं. 2020 च्या दुरुस्तीने ते 10 रुपयांवर आलं. दहा रुपये. अडचण पैशांची नाही. अर्ज इंग्रजी, कार्यालय लांब आणि फायदा दिसत नाही, ही आहे. क्रमांकाशिवाय ऑनलाइन 'सोलापुरी' म्हणून विकता येत नाही म्हटलं की फायदा दिसू लागेल. इथे संघटनांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या, फोटो फोनवरून कोल्हापुरात पोचले, इंटरनेटवर संताप उसळला आणि कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. पण त्याच प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात, तुम्ही कोण, असा त्या निकालाचा रोख होता. त्या चपलेच्या मानांकनाच्या आठ जिल्ह्यांत सोलापूरही आहे, तेव्हा हा धडा शेजारच्या गावाचा म्हणून सोडता येत नाही.

कोणी म्हणेल, 'सोलापुरी' हे आता जातीचं नाव झालं आहे. वनस्पती तुपाला डालडा म्हणतात आणि कोणत्याही यंत्रावर झेरॉक्स काढतात, तसं. हे बोलण्यापुरतं खरं असेल. पण सामान्य नाव झालेल्या शब्दाची भौगोलिक मानांकन म्हणून नोंदच होऊ शकत नाही, असं कायदा सांगतो आणि सोलापूरची नोंद झालेली आहे. नाव सैल होतं ते बहुधा त्याची राखण न केल्याने. राखण न करणाऱ्या व्यवस्थेनेच पुढे ते सैल झाल्याचा पुरावा द्यावा, हा न्याय उफराटा आहे. प्लॅटफॉर्म म्हणतील, कोट्यवधी पानं कशी तपासायची? पण खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा 14 अंकी परवाना क्रमांक ते आज दाखवतातच, आणि विक्रेत्याच्या जीएसटीची नोंदही घेतात. मानांकनाची नोंदवही सार्वजनिक आहे. नोंदलेली नावं काही शेकड्यांत, ती शोधायला यंत्राला क्षण लागेल. कोणी दुसऱ्याचा क्रमांक चोरून टाकेल, हे खरं. पण आज फसवणाऱ्याला काहीच लिहावं लागत नाही; उद्या त्याला खोटा क्रमांक लिहावा लागेल, म्हणजे न्यायालयात दाखवता येईल असा पुरावा तो स्वतःच्या हाताने ठेवून जाईल. युरोपीय संघाने तर कलाकुसरीच्या आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक नावांसाठी 2023 मध्ये वेगळा नियम केला, 1 डिसेंबर 2025 पासून तो लागू झाला आणि ऑनलाइन विक्रीची पानंही त्याने कक्षेत घेतली. इटलीतल्या मुरानोच्या काचेला जे मिळू शकतं ते चादरीला मागण्यात अवास्तव काही नाही.

राहता राहिला ग्राहक. त्याला स्वस्त हवी असते, गावाशी त्याला काय देणंघेणं, असं व्यापारी सांगतात. मग विक्रेते 'सोलापुरी' हा शब्द मथळ्यात सगळ्यात आधी का लिहितात? तो शब्द भाव आणतो म्हणूनच ना? स्वस्त घेणाऱ्याने स्वस्तच घ्यावी. त्याला काय स्वस्त मिळतंय ते कळलं म्हणजे झालं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत चौथ्या कायद्याचं नाव आणि 'मूळ देश' च्या खाली एक ओळ, एवढाच हा बदल आहे, आणि त्याला संसदेचं अधिवेशन लागत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने तो होतो.